पावसाळी सल्ला : टँकमधल्या लिलीचा कांदा गाडू नका

(जून ते सप्टेंबर, ठाणे आणि नवी मुंबईतील गोड्या पाण्याचे घरगुती माशांचे टँक)

पाण्यातली क्रायनम लिली, दुकानदाराच्या भाषेत ओनियन प्लांट, पावसाळ्यात रोगाने क्वचितच मरते. बहुतेक ठिकाणी तिचा कांदा आपणच खडीत पुरलेला असतो. खालचा एक तृतीयांश भाग खडीत, बाकी सगळा कांदा आणि मान (जिथून पानं फुटतात तो वरचा भाग) उघडी, एवढं आज रात्री टँकजवळ जाऊन तपासा. पुढचं नंतर वाचलंत तरी चालेल.

लोक गाडतात त्याला कारण आहे. नवा कांदा हलका असतो, सारखा वर येतो. त्यात गोल्डफिश असले तर ते तळ उकरून त्याला आडवा करतात. मग माणूस वैतागून तो बोटभर खोल दाबतो आणि निर्धास्त होतो. महिनाभर पानं हिरवी दिसतात, कारण कांद्यात साठा असतो. त्यानंतर पान टोकाकडून न पिवळता थेट बुडाशी मऊ पडतं आणि हलक्या ओढीने हातात येतं. असा कांदा उपसला की बाहेरची सालं काळी आणि बुळबुळीत, आणि वास नासक्या अंड्याचा. कुजण्याच्या या खुणा ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही.

हे पावसाळ्यातच का वाढतं? मोठ्या पावसानंतर नळाला गढूळ पाणी येतं. ते तसंच टँकमध्ये ओतलं की गाळ खडीच्या फटींत बसतो. वीज गेली की फिल्टर बंद, पाणी उभं. ढगाळ दिवसात खिडकीचा उजेडही घटतो. खडीत प्राणवायू पोचत नाही आणि पुरलेला कांदा त्या चिखलात गुदमरतो. मान उघडी असेल तर तोच कांदा हे सगळं सहन करतो.

कोणी म्हणेल, नदीत तर हा कांदा रेतीतच असतो. बरोबर आहे. टँकमध्ये सर्रास दिसणारी क्रायनम थायानम दक्षिण थायलंडच्या रानोंग आणि फांगन्गा भागातल्या वाहत्या ओढ्यांतली. तिथे रेतीतूनही पाणी सतत खेळतं. आपल्या दोन फुटी टँकच्या तळाशी ते मुक्कामाला असतं. ओढे उपसल्यामुळे आणि कांदे काढून विकल्यामुळे ही जात तिथे धोक्यात आली आहे, तेव्हा आपल्या हातात आलेला कांदा निष्काळजीपणाने सडवायचा नाही, हेही त्यात आलं. आपल्या सोसायटीच्या बागेतला सुदर्शन हिचाच भाऊबंद. माळी त्याची मान मातीबाहेर ठेवतो, ते बघून या.

लावायचा कसा

दुकानातून आणल्यावर बुडाची शिशाची पट्टी आणि मुळांभोवतीचा कापूस काढून टाका. काळी मुळं कात्रीने उडवा, पांढरी राहू द्या. कांदा बाजारात घेतो तसा अंगठ्याने दाबून बघा. बूड टणक हवं. गोगलगायींच्या अंड्यांसाठी पोटॅशियम परमँगनेट लिटरला 10 मिलीग्रॅम, 10 मिनिटं बुडवून स्वच्छ धुवा. एवढं कमी वजन घरच्या काट्यावर होत नाही, म्हणून 1 ग्रॅम 1 लिटर पाण्यात विरघळवा आणि त्यातले 10 मिलीलिटर दर लिटरला घ्या. हातमोजे घाला, डाग आठवडाभर जात नाही.

खडी 2 ते 4 मिलीमीटरची, थर 5 ते 7 सेंटीमीटर. खाडीची वाळू नको, तिच्यात मीठही असतं आणि शिंपल्यांचा चुराही. कांदा वर येत असेल तर सुती दोऱ्याने गोट्याला बांधा, किंवा भोवती चार गोटे टेकवा. दोरा कुजेपर्यंत मुळं धरलेली असतात. गोल्डफिशवालेही हेच करा. क्रायनमचं पान त्यांना सहसा रुचत नाही, त्रास होतो तो उकरण्याचा.

लावल्यावर पहिल्या महिन्यात जुनी पानं झडली तर कांदा उपसून बघू नका. जागा बदललेली क्रायनमला आवडत नाही. माझा अनुभव असा की सलग ढगाळ आठवड्यात लावलेला कांदा रुसतो, उघडीप बघून लावलेला लवकर धरतो. याला शास्त्रीय आधार मागू नका, पण मी उघडिपीची वाट बघतो.

नेहमीची कामं

– दिवा : 7 ते 8 तास
– तापमान : 22 ते 28 अंश
– पाणी बदल : आठवड्याला एक चतुर्थांश
– म्हातारं पान : मधूनच न छाटता बुडापासून कापणे
– फिल्टरचा स्पंज : टँकच्याच पाण्यात पिळणे

पाण्याबद्दल

ठाण्याला भातसाचं, नवी मुंबईला मोरबेचं पाणी. दोन्हीकडे पावसाळ्यात क्लोरीनचा वास जास्त जाणवतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान 0.2 मिलीग्रॅम मोकळं क्लोरीन उरावं असं भारतीय मानक सांगतं. सोसायटीची टाकी धुतल्यावर ते बरंच जास्त असू शकतं. तो दिवस वॉचमनला विचारून ठेवा. बादलीत 24 तास साठवा, हवेचा दगड (पंपाच्या नळीला लावतात तो, बुडबुडे सोडणारा) सोडा, गाळ खाली बसू द्या आणि वरचंच पाणी घ्या. घाई असेल तर हायपो (सोडियम थायोसल्फेट, क्लोरीन मारणारे खडे) : 1 मिलीग्रॅम क्लोरीनला साधारण 7 मिलीग्रॅम, म्हणजे लिटरला 1 मिलीग्रॅम क्लोरीन धरलं तर 20 लिटरच्या बादलीला 140 मिलीग्रॅम. सुटे खडे स्वस्त मिळतात, त्यासाठी दुकानातली क्लोरीन मारण्याची निळ्या रंगाची बाटली घेण्याची गरज नाही. घोडबंदर रोडला टँकर येत असेल तर ते पाणी जड असतं. क्रायनम ते पचवते, तुमच्या माशांचं तुम्ही बघा.

दुकानदार काय काय गळ्यात मारेल

सीओटू किट, म्हणजे पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडणारं. क्रायनमला लागत नाही. महागड्या मातीची पिशवीही नको. पान पिवळं पडलं म्हटलं की ‘ग्रोथ’ची बाटली निघते, आधी मान उघडी आहे का ते पाहा. खरंच उपासमार असेल, म्हणजे मासे थोडे आणि नवी पानंही फिकट, तर कृषी सेवा केंद्रातून 13:0:45 हे खत आणा. ते पोटॅशियम नायट्रेटच असतं. 100 लिटरला 1 ग्रॅम टाकलं की नायट्रेट लिटरला साधारण 6 मिलीग्रॅमने वाढतं. आठवड्यातून एकदा, तेही पाणी बदलल्यावर. त्याच फडताळातलं 19:19:19 मात्र चुकूनही टँकमध्ये नको, त्यातला युरिया आणि अमोनिया मासे मारतो.

जाळीच्या पाकिटात ‘लिली बल्ब’ म्हणून मिळतात ते निम्फियाचे कंद, कमळाच्या जातीचे. ते खडीत खुपसू नका. पाण्यात तरंगू द्या; कोंब फुटून आपणहून बुडाले की खडीवर नुसते ठेवा. वर तरंगणारी पानं खुडत राहिलात तर खालची भरतात.

सडायला लागलाच तर

काळी सालं सोलून टणक पांढऱ्यापर्यंत जा. चाकू स्पिरिटने पुसलेला हवा. सावलीत तास-दोन तास वाळवा. काहीजण कापावर हळद दाबतात. मला तोटा दिसलेला नाही. मग खडीत न लावता फिल्टरच्या धारेजवळ, गोट्याला बांधून, उघडाच ठेवा. बुडाची चकतीच मऊ झाली असेल तर मुळं फुटायला जागाच उरलेली नाही. तो ओल्या कचऱ्यात द्या. कांद्याला फुटलेली जादा पिल्लं मित्रांना वाटा. मासुंदा, उपवन किंवा सेक्टरमधल्या तलावात यातलं काहीही सोडू नका, जलपर्णी काढतानाच तिथे दमछाक होते.