उदक जाय : वाचा गेलेल्या माणसाशी घरी कसं बोलावं

चवथीला बारा दिवस होते. पोदेर पाव देऊन गेला, बाबांनी पिशवी उजव्या हातात घेतली आणि ती पायरीवरच गळून पडली. तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द फुटेना. ‘जरा पडू दे, बरं वाटेल’ म्हणत आम्ही दोन तास घालवले. तुम्ही ते करू नका. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं यातलं एकही अचानक दिसलं की तो मेंदूचा झटका, म्हणजे पक्षाघात, असू शकतो; लगेच रुग्णवाहिकेसाठी 108. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि गोव्यातल्या आमच्या साखळी गावाहून बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात पोचणं, मग स्कॅन, यातच बराच वेळ जातो.

बाबा घरी आले ते चालत, पण उजवा हात लोंबकळत होता आणि तोंडातून फक्त ‘तें, तें’ निघत होतं. पाय चालतो, मग हात आणि वाचाच का गेली? मेंदूचा डावा अर्धा शरीराची उजवी बाजू चालवतो, आणि बहुतेकांची भाषाही त्याच अर्ध्यात असते. हाताचा, तोंडाचा आणि बोलण्याचा भाग मेंदूच्या बाहेरच्या अंगाला जवळजवळ असतात आणि एकाच मोठ्या रक्तवाहिनीवर पोसतात. पायाचा भाग आतल्या अंगाला, दुसऱ्या वाहिनीवर. एवढं कळल्यावर माझी भीती निम्मी झाली.

भाषेच्या वाटाही दोन. 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांच्याकडे एक रुग्ण होता, त्याला ‘तां’ एवढंच म्हणता येई. तो वारल्यावर मेंदू पाहिला तर डाव्या कपाळामागच्या भागात इजा होती. असा माणूस समजतो पुष्कळ, पण शब्द बाहेर काढताना अडतो. 1874 साली कार्ल वेर्निके यांनी दुसरा प्रकार दाखवला: इजा डाव्या कानाच्या वरच्या भागात मागे, बोलणं सळसळ वाहतं, पण अर्थ लागत नाही, आणि समोरच्याचंही कळत नाही. या सगळ्याला वाचाघात म्हणतात. वाचाघात म्हणजे बुद्धी गेली असं नव्हे.

म्हणून आधी समजतं किती ते पाहा. ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे असाच प्रश्न विचारा. ‘आपण पणजीत राहतो का?’ मी विचारलं. बाबांनी मान हलवली, नाही. ‘पेटी हाताने वाजवतात का?’ हो. असे दहा प्रश्न, हो-नाही मिसळून. ‘हो’ म्हणायचं असताना तोंडातून ‘नाही’ निघू शकतं, म्हणून अंगठा वर-खाली करून उत्तर मागा. आणि बसा त्यांच्या डाव्या हाताला. डाव्या मेंदूच्या झटक्यात कधीकधी उजवीकडचं दिसत नाही.

आमच्याकडे येणारा प्रत्येक जण बाबांशी ओरडून बोलायचा, जणू ऐकू येत नाही. कान ठीक आहेत. टीव्ही बंद करा, एका वेळी एकानेच बोला, वाक्य लहान ठेवा, आणि विचारल्यावर मनात दहा अंक मोजा. तोवर त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. मला तर सगळ्यात कठीण हेच गेलं. पाटी-पेन्सिल हातात दिली तीही चूक होती. लिहिणं त्याच भाषेतून येतं, त्यामुळे डाव्या हातानेही अक्षर उमटेना आणि त्यांचे डोळे भरले. त्यापेक्षा पेल्याचं, पेजेच्या वाटीचं, संडासाच्या दाराचं चित्र दाखवा.

चवथीला आरती सुरू झाली, घुमट हे मातीचं वाद्य वाजलं, आणि ‘तें, तें’ म्हणणाऱ्या बाबांनी अख्खी आरती आमच्याबरोबर म्हटली. आई रडायलाच लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘तें, तें’. सुराचं, लयीचं बरंच काम उजव्या अर्ध्यात चालतं, आणि वर्षानुवर्षांचं पाठांतर एकसंध बाहेर पडतं. आरती म्हटली म्हणजे वाचा आली असं नाही, पण तिथून पूल बांधता येतो. 1973 साली अमेरिकेत तिघा संशोधकांनी ही सुरावर बोलवण्याची पद्धत मांडली. समजतं पण बोलता येत नाही, अशांसाठी ती चांगली. आम्ही ती वाचा-उपचार तज्ज्ञांकडून शिकलो, तुम्हीही पहिल्यांदा त्यांच्यासमोरच करा.

आमचं पहिलं वाक्य होतं ‘उदक जाय’, कोंकणीत ‘पाणी हवं’. बाबांचा डावा हात माझ्या हातात. प्रत्येक तुकड्याला मांडीवर एक थाप. ‘उ’ खालच्या सुरात, ‘दक’ वर, ‘जाय’ पुन्हा खाली. आधी नुसतं गुणगुणणं, मग दोघांनी मिळून म्हणणं, मग मध्येच मी गप्प आणि ते एकटे. जमलं की विचारायचं, ‘बाबा, कितें जाय?’ (काय हवं?) उत्तर त्याच सुरात आलं तरी पुरे. सूर हळूहळू सपाट करत साध्या बोलण्यावर आणायचा. हे एक वाक्य बसायला आम्हाला नऊ दिवस लागले.

भाषा कुठली, यावर घरात वाद झाला. बाबा आयुष्यभर घरात कोंकणी बोलले, पेपर मराठी वाचला. ज्या भाषेचा वापर सगळ्यात जास्त ती बऱ्याचदा आधी परतते, असं निरीक्षण पित्र या फ्रेंच डॉक्टरांनी 1895 साली नोंदवलं होतं. सगळ्यांचं तसंच होतं असं नाही, म्हणून एक भाषा बंद करू नका. तोंडून जी येईल ती घ्या.

वाक्यं मात्र त्यांच्या गरजेतली निवडा. मोजदाद आणि वारांची नावं पाठांतरातून येतात, त्यांनी पाणी मागता येत नाही. बाबांकडे आता अशी अकरा वाक्यं आहेत. ‘पेटी हाड’ (पेटी आण) हे त्यांनी बोट दाखवून स्वतः मागून घेतलं. भाता ते डाव्या हाताने मारतात, पट्ट्या मी दाबते. सराव सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस, आणि थकवा दिसला की मध्येच थांबवते.