दिवाळीसाठी पैसे वाचवताय? या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलेय

दोन वर्षांपूर्वी श्रावण लागला तेव्हा ठरवलं की आता दिवाळीपर्यंत काटकसर. ऑफिसला डबा, घरी येताना वडापाव नाही, रविवारचं हॉटेल बंद, रिक्षा बंद. आणि तीन महिने खरंच पाळलं हो, नवऱ्यालाही पाळायला लावलं, लेकीने पिझ्झा पिझ्झा करून डोकं खाल्लं तरी बधले नाही. वसुबारसेच्या आदल्या रात्री खातं उघडून बघते तर २,३४० रुपये. म्हणजे महिन्याच्या त्या तारखेला एरवी असतात तेवढेच! मग आमचा सगळ्यांचा उपास गेला कुठे?

रात्री साडेअकराला किचनमध्ये बसून यूपीआयची अख्खी हिस्ट्री वरखाली केली. चोरी नाही, फसवणूक नाही, काही नाही. न खाल्लेल्या वडापावचे वीस रुपये खात्यातच पडून राहिले होते आणि तिथून ते कुणाच्या तरी सेंडऑफच्या कॉन्ट्रीत, लेकीच्या प्रोजेक्टच्या चार्ट पेपरात, सेलमधल्या चौथ्या बेडशीटमध्ये गेले.

सगळ्यात मोठी चूक: वाचले ते तिथेच ठेवणं

यावरचं उत्तर मला कुठल्या फायनान्सवाल्याच्या व्हिडिओत नाही मिळालं, सासूबाईंकडून मिळालं. आमच्याकडे दुधाचे खाडे कॅलेंडरवर लिहायची पद्धत आहे, गावाला गेलो की त्या तारखांवर फुल्या, महिनाअखेरीला दूधवाल्याच्या बिलातून तेवढे कापून घ्यायचे. आई सहज म्हणाल्या, "अगं, दूधवाल्याचा खाडा लिहून पैसे कापून घेतेस, मग हॉटेलचा खाडा का नाही लिहीत?"

तेव्हापासून आमच्या कॅलेंडरवर दुधाच्या फुल्यांशेजारी बारीक अक्षरात "रि ६०", "व २०", "हॉ ७५०" असलं काहीतरी लिहिलेलं असतं. पाहुणे विचारतात हे काय, मी सांगते खाडे. शनिवारी सकाळी बेरीज करायची आणि तेवढे पैसे त्याच वेळी दुसऱ्या खात्यात टाकायचे. मग करू म्हणलं की संपलं, रविवार संध्याकाळपर्यंत ते पैसे राहत नाहीत, माझा अनुभव आहे.

आता हे दुसरं खातं, इथे पण लोक (म्हणजे मीच) घोळ घालतात. खातं काढलं, आणि हौसेने ते पण यूपीआयला जोडलं. मग पहिल्यात कमी पडले की बोट आपोआप दुसऱ्यावर जातं. ते जोडायचंच नाही. कार्ड आईंच्या कपाटात, पैसे काढायचे तर त्यांना सांगून काढायचे, आणि त्या कशाला म्हणून विचारतातच. त्या एका प्रश्नात माझे दोन कुर्ते वाचलेत. खातं काढताना मिनिमम बॅलन्स मात्र विचारून घ्या, स्टेट बँकेने बचत खात्याला ती अट २०२० मध्ये काढली पण सगळ्या बँकांचं तसं नाही, आणि साठवलेल्या पैशांतून दंड गेला की जाम चिडचिड होते.

अजून एक गळती, यूपीआय लाइट. त्यात ५,००० रुपयांपर्यंत भरून ठेवता येतात आणि १,००० पर्यंतचं पेमेंट पिन न टाकता होतं. सोय झकास आहे पण पासबुकात फक्त पैसे भरल्याची एन्ट्री दिसते, पुढे ते पाणीपुरीला गेले की झेरॉक्सला ते तिथे कळत नाही, त्यासाठी ॲपमध्ये जाऊन बघावं लागतं आणि ते कोण बघतंय. मी आता त्यात एका वेळी पाचशेच्या वर भरत नाही.

दिवाळीला लागतात किती, हेच माहीत नसणं

कुणालाही विचारा, दिवाळीला किती लागतात? "असतील की वीस-पंचवीस हजार." हा आकडा हवेतला असतो. गणपती ते तुळशीचं लग्न एवढ्या काळातलं मागच्या वर्षीचं स्टेटमेंट काढा आणि पेन घेऊन बसा. मी बसले तेव्हा कपडे आणि फराळ मिळून निम्मे पण भरेनात. बाकीचा खर्च देण्याघेण्यात होता. कामवाल्या मावशींना एक पगार, वॉचमन, कचरा नेणाऱ्या ताई, पेपरवाला, भावाबहिणींच्या ओवाळण्या, त्यांच्या पोरांना काहीतरी, आणि ऐन वेळी कुणी न सांगता मिठाईचा बॉक्स घेऊन आलं म्हणून परत द्यायला आणलेला बॉक्स. या गोष्टी बजेटमध्ये कुणीच धरत नाही कारण त्या "खर्च" वाटत नाहीत, रीत वाटतात.

आणि तारीख बघा. २०२५ ला लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, म्हणजे एक तारखेला पगार होणाऱ्यांची दिवाळी सप्टेंबरच्या पगाराच्या शेपटावर झाली. २०२६ ला अधिक ज्येष्ठ असल्यामुळे सगळं पुढे सरकलंय, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. साठवायला दोन-अडीच आठवडे जास्त मिळतात हे खरं, पण पगार हातात आणि आठवड्यात दिवाळी, मग ११ ला भाऊबीज उरकून उरलेला नोव्हेंबर कशावर काढायचा? गेल्या वर्षी पैसे कमी पडले म्हणून हात आखडला असता, यंदा भरलेलं खातं समोर असताना कोण आखडणारे. त्यामुळे ऑक्टोबरच्या पगारातून आधी हप्ते, घरभाडं, दूध, किराणा बाजूला काढा आणि मग (आमच्या पुण्यात तरी) लक्ष्मी रोडला जा.

हो आणि अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, १७ मे ते १५ जून. घरात जावई असेल तर अनारसे, वाण, आहेर. तीन वर्षांनी एकदा येतो म्हणून दरवेळी अचानक आल्यासारखा येतो.

स्वस्त म्हणून जास्त आणणं

किराण्यात वाचवायला गेले आणि तिथेच जास्त घालवलं, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

तेलाचा डबा घ्या. बऱ्याच जणांना १५ लिटर आणि १५ किलो एकच वाटतं. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या थोडं वर तेल असतं. समजा १५ लिटरचा डबा २,२५० ला आहे आणि शेजारी १५ किलोचा २,४०० ला. आपण दीडशे वाचले म्हणून खुशीत पहिला उचलतो, पण किलोचा भाव काढला तर पहिला १६५ च्या आसपास पडतो आणि दुसरा १६०. पिशव्यांचं तर विचारूच नका, दिसायला लिटरची पिशवी आणि आत ८५० ग्रॅम किंवा त्याहून कमी. पाकिटावर ग्रॅमला किंवा किलोला किती पडतं ते छापलेलं असतं, बारीक असतं, पण असतं. चष्मा लावून तेवढं वाचा, पुढच्या मोठ्या लाल अक्षरातल्या ऑफरपेक्षा ते कामाचं.

बरं, एवढं करून डबा आणला तरी तिघाचौघांच्या घरात भरलेला डबा दिसला की हात सैल सुटतो. आमच्याकडे डबा असताना भजी आठवड्यातून दोनदा व्हायची! आता एरवी पिशव्या आणि फराळाला तेवढा डबा, तोही नणंदेबरोबर अर्धा अर्धा. मार्केट यार्डात भुसारला असंच चार घरं मिळून जातो, पोहे, डाळं, शेंगदाणे, रवा, साखर. एकट्या घरासाठी तिथवर जायचं, टेम्पो नाहीतर रिक्षा करायची, ते अजिबात परवडत नाही, पण लोक हौसेने जातात आणि वाचलेले सगळे रिक्षावाल्याला देऊन येतात.

आणि ती दहा मिनिटांत घरपोच आणणारी ॲप्स. वीस रुपयांची कोथिंबीर मागवायची, त्यावर हँडलिंग, डिलिव्हरी, पाऊस असेल तर पावसाचे, मग डिलिव्हरी फ्री व्हावी म्हणून दीडशेचे चिप्स आणि केक. मी एका महिन्याची बिलं काढली तेव्हा नुसत्या चार्जेसचे चारशेच्या वर निघाले. आमचा कोपऱ्यावरचा वाणी फोन केला की पोराकरवी पाठवतो आणि पाच रुपये सुटे नसले तर पुढच्या वेळी द्या म्हणतो.

चहा मात्र बंद करू नका. खरंच. ऑफिसखालच्या टपरीवरचा दहा-पंधरा रुपयांचा चहा बंद केला की माणूस चौथ्या दिवशी वैतागून कॅफेत जाऊन अडीचशेची कॉफी पिऊन येतो.

पैसे नको तिथे अडकवणं

पोस्टाची आरडी (दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ती) चांगली आहे, पण ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षं व्हायच्या आत बंद करता येत नाही. दिवाळीसाठी म्हणून आमच्या ऑफिसातल्या एकीने काढली आणि ऑक्टोबरमध्ये पोस्टात जाऊन भांडली, त्यात पोस्टाचा काय दोष. बँकेची सहा महिन्यांची घ्या. व्याजाच्या मागे मात्र लागू नका, महिना ३,००० टाकले तर साडेसहा टक्क्यांनी सहा महिन्यांत १८,००० वर साधारण साडेतीनशे रुपये मिळतील, बस. फायदा एवढाच की सहज हात जात नाही.

भिशीत गंमत वेगळी, नंबर कधी लागेल ते चिठ्ठीवर. माझा फेब्रुवारीत लागला, घरात कसलाच सण नाही, फ्रिजही चालू होता, तरी पैसे संपले. दिवाळीसाठीच भिशी असेल तर ऑक्टोबरचा नंबर आधी मागून घ्या, ओळखीची बाई चालवत असेल तर देतात. अनोळखी माणसाच्या "दिवाळी फंडा"त, कागद ना पावती, तिथे एक रुपया टाकू नका. सराफाच्या अकरा महिन्यांच्या स्कीमला पण बँकेसारखं विम्याचं संरक्षण नसतं आणि शेवटी सोनंच घ्यावं लागतं, त्यामुळे फराळाचे पैसे तिथे नकोत.

नो कॉस्ट ईएमआय, म्हणजे म्हणे बिनव्याजी हप्ते. एका दुकानात मी मशीन घेत होते, ईएमआयवर २४,०००. सहज विचारलं, रोख दिले तर? सेल्समन हळूच म्हणाला, २२,५००. म्हणजे कॉस्ट आहे, फक्त आधीच किमतीत घातलीये, वर व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी बँक लावते ते वेगळं. आणि दिवाळी क्रेडिट कार्डवर करून नुसता मिनिमम ड्यू (बिलातली कमीत कमी रक्कम) भरत बसायचं हे तर नकोच, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं आणि नवीन खरेदीला पण पहिल्या दिवसापासून लागतं. पुढच्या दिवाळीपर्यंत आधीचीच चकली फेडत बसाल.

उशीर

गावाला जाणारे सगळे ही चूक करतात. रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, १२० नाही, नोव्हेंबर २०२४ पासून बदललंय. म्हणजे ६ नोव्हेंबरला निघायचं तर ७ सप्टेंबरला सकाळी आठला बसायचं. यंदा गणपती १४ सप्टेंबरला, त्या आठवड्यात सगळ्यांचं डोकं मखरात असतं, आणि तिकडे नागपूरच्या गाड्या फुल होतात. मग ट्रॅव्हल्सवाला सांगेल तो भाव. खरं तर खासगी बसला एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, २०१८ चा सरकारी निर्णय आहे, आरटीओकडे तक्रार करता येते, पण बॅगा घेऊन रात्री दहाला रस्त्यावर उभं असताना कोण तक्रार करतं.

तुळशीबागेत पण दिवाळीच्या आदल्या रविवारी जायचं नाही. त्या गर्दीत भाव करायला उभंच राहता येत नाही, पोरं दमतात, मग बाहेर खाणं, आणि गाडी उचलली असेल तर कळसच. मी आता नवरात्राच्या आधी जाते, वनाजवरून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलून मंडई, वर आलं की तुळशीबाग समोर. शनिवार-रविवारी तिकिटात ३० टक्के सूट पण आहे. पणत्या मात्र कसब्यात कुंभारवाड्यातून.

आणि तरीही पैसे मोडावे लागले तर?

लागतात. मी पहिल्या वर्षी दोनदा मोडले, एकदा गाडीच्या इन्शुरन्सला, एकदा शाळेच्या दुसऱ्या टर्मच्या फीला. दोन्ही तारखा वर्षभर आधी माहीत होत्या! त्याला अडचण म्हणत नाहीत, विसरभोळेपणा म्हणतात. म्हणून आता कॅलेंडर नवीन आणलं की आधी लाल पेनाने हे लिहायचं: इन्शुरन्स, फी, मिळकत कर (पुण्यात मे अखेरपर्यंत भरला की सूट, आणि नंतर थकला की महिन्याला दोन टक्के दंड), आरओची सर्व्हिस. याची बेरीज भागिले बारा, तेवढे महिन्याला वेगळे, दिवाळीच्या पैशांना हात न लावता.

आजारपण वगैरे आलं तर बिनधास्त काढा, त्यासाठीच असतात. फक्त काढलेले पण कॅलेंडरवर लिहा. आमच्या ऑगस्टच्या पानावर आईंच्या अक्षरात लिहिलंय, "दवाखाना ३,२०० घेतले", आणि खाली पुढच्या चार शनिवारांवर ८००, ८००, ८००, आणि शेवटच्या शनिवारी ६५०. बाकीचे दीडशे अजून माझ्याकडे आहेत असं त्या रोज चहाच्या वेळी सांगतात.