माऊस काढून ठेवला आणि बग-ट्रॅकर ठरला

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आम्ही काही मित्र मराठी टायपिंगचं एक मुक्त सॉफ्टवेअर सांभाळतो. टेस्टिंग बघणारा मित्र अंध आहे, एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतो. जुन्या बग-ट्रॅकरवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका (बग) नोंदवायच्या साइटवर, त्याला बग नोंदवताच येईना. "नुसतं बटण, बटण म्हणतंय बघ! कसलं बटण ते सांगंल तर शप्पथ." चिन्हांच्या बटणांना लेबलच नव्हतं. बगची स्थिती बदलायची तर कार्ड माऊसनं ओढून दुसऱ्या रकान्यात टाकायचं!

नवा शोधताना वैशिष्ट्यांचे तक्ते बघितलेच नाहीत. माऊस काढला आणि नुसत्या कीबोर्डवर खातं उघडणं, बग शोधणं, नोंदवणं, बंद करणं एवढं करून पाहिलं. एका देखण्या ट्रॅकरनं खातं उघडतानाच चित्रातली अक्षरं ओळखायला सांगितली. तिथंच बाद.

शेवटी बगझिला घेतला. १९९८ सालचा, दिसायला रुक्ष, पण साधे फॉर्म. मित्र एनव्हीडीएत ई दाबून मजकुराच्या चौकटीत, सी दाबून पर्यायांच्या यादीत थेट पोचतो. ईमेलनं बग नोंदवायची सोयही चालू केली. डेबियन या लिनक्स प्रणालीचा ट्रॅकर तर ईमेलवरच चालतो.

स्क्रीनशॉटच्या चित्रातली अक्षरं स्क्रीन रीडर सहसा आपोआप वाचत नाही, तो त्रास मात्र उरलाच. म्हणून एररचा मजकूर टाइप केल्याशिवाय नुसतं चित्र जोडायचं नाही, असा नियम केलाय.