शस्त्रविक्रीला मानवी हक्कांची अट कशी घालावी

परदेशी सरकारांना शस्त्रे विकताना मानवी हक्कांचा विचार केला जाईल, असे वाक्य बहुतेक निर्यातदार देशांच्या धोरणात सापडते. पण विचार केल्याची नोंद फाइलमध्ये करून परवाना देण्यास ते वाक्य आड येत नाही. अट परिणामकारक व्हायची असेल, तर ती कोणत्या कागदात लिहायची आणि मोडल्यास माल कोणी थांबवायचा, हे मसुदा करणाऱ्याने आधी ठरवले पाहिजे.

पहिले काम नकाराचा निकष लिहिण्याचे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एप्रिल 2013 मध्ये स्वीकारलेल्या शस्त्रव्यापार कराराचा सहावा अनुच्छेद वंशसंहारासाठी किंवा मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी शस्त्रे वापरली जातील हे माहीत असताना ती देण्यास सरळ मनाई करतो. सातव्या अनुच्छेदात मात्र शांतता व सुरक्षेला होणारा हातभार विचारात घेऊन धोका त्याहून वरचढ ठरतो का, हे पाहायचे असते. युरोपीय संघाच्या 2008 च्या सामायिक भूमिकेतील दुसरा निकष, म्हणजे अंतर्गत दडपशाहीसाठी शस्त्र वापरले जाण्याचा ‘स्पष्ट धोका’ दिसल्यास परवाना नाकारणे, मला अधिक उपयोगी वाटतो, कारण त्यात धोका तराजूत टाकून हलका करण्याची सोय नाही. निकष शस्त्रागणिक लावावा: सुरुंग शोधणारी नौका आणि दंगलविरोधी पोलिसांसाठीच्या रायफली यांना एकच प्रश्नावली पुरत नाही.

निकष लागू करायला पुरावा लागतो, आणि पुरावा बहुधा भूतकाळातला असतो. येमेनमधील युद्धात वापरल्या जाऊ शकणाऱ्या शस्त्रांच्या सौदी अरेबियाला होणाऱ्या निर्यातीबाबत ब्रिटनच्या अपील न्यायालयाने जून 2019 मध्ये सरकारची प्रक्रिया बेकायदा ठरवली, ती याच मुद्द्यावर: पूर्वीच्या हल्ल्यांत आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्याचा भंग झाला होता की नाही, याचा निष्कर्ष काढण्याचा प्रयत्नच झालेला नव्हता. म्हणून प्रत्येक गंभीर आरोपावर लेखी निष्कर्ष बंधनकारक करावा. मानवी हक्कांचा गंभीर भंग करणाऱ्या तुकडीची मदत रोखणाऱ्या अमेरिकेच्या लेही कायद्याप्रमाणे तो विशिष्ट लष्करी तुकडीपर्यंत नेता येतो. पण हा कायदा अमेरिकी मदतीला लागू होतो, ग्राहक देशाने स्वतःच्या पैशाने घेतलेल्या शस्त्रांना नाही, ही त्यातली पळवाट उचलू नये.

सर्वाधिक काळजी परवान्याच्या मजकुराची घ्यावी लागते. हेक्लर अँड कोख या जर्मन कंपनीच्या जी-36 रायफली मेक्सिकोतील ज्या राज्यांना द्यायच्या नव्हत्या तिथे पोहोचल्या, आणि 2014 मध्ये त्यांपैकी एका राज्यातील इग्वाला येथे 43 विद्यार्थी बेपत्ता झाले तेव्हा तिथल्या पोलिसांकडे अशा रायफली होत्या. श्टुटगार्टच्या न्यायालयाने 2019 मध्ये कंपनीकडून सुमारे 37 लाख युरो वसूल करण्याचा आदेश दिला. मात्र अंतिम वापराची हमीपत्रे, म्हणजे शस्त्र कोण व कुठे वापरणार याची ग्राहकाने दिलेली लेखी हमी, परवान्याचा भागच नव्हती, असेही त्या खटल्यात ठरले. त्यामुळे शस्त्र कोणत्या दलाने, कोणत्या प्रदेशात वापरायचे, हे ग्राहकाच्या वेगळ्या पत्रात न ठेवता परवान्यातच अट म्हणून लिहावे आणि माल पोहोचल्यावर जागेवर तपासणी करण्याचा अधिकार त्यातच मागावा. तिसऱ्या देशातील वापराचाही उल्लेख असावा. कॅनडाने तुर्कस्तानला दिलेली ड्रोनवरील संवेदक उपकरणे नागोर्नो-काराबाख प्रदेशासाठी आर्मेनियाशी झालेल्या 2020 च्या युद्धात अझरबैजानकडून वापरली गेल्याचे चौकशीत आढळल्यावर ते परवाने एप्रिल 2021 मध्ये रद्द झाले, पण तोवर युद्ध संपले होते.

संसदेला अधिकार द्यायचा, तर नापसंतीचा नव्हे, मंजुरीचा द्यावा. अमेरिकेत मोठ्या विक्रीची सूचना काँग्रेसला आधी मिळते, पण 1983 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर विक्री अडवण्याचा ठराव राष्ट्राध्यक्षांच्या नकाराधिकारातून तरावा लागतो. 2019 मध्ये सौदी अरेबिया व संयुक्त अरब अमिरातींच्या विक्रीविरुद्धचे तीन ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर होऊनही त्यामुळेच निष्फळ ठरले. ठरावीक रकमेवरचा व्यवहार संसदेच्या होकाराशिवाय पुढे जाणार नाही, अशी रचना केल्यास पटवून देण्याची जबाबदारी विकू पाहणाऱ्यावर येते.

आपण नाही विकले तर दुसरा विकेल, हा आक्षेप येणारच. सुट्या रायफलींबाबत तो बराचसा खरा आहे. लढाऊ विमानांबाबत फारसा नाही, कारण विमानांचा ताफा वर्षानुवर्षे मूळ पुरवठादाराच्या सुट्या भागांवर, दारूगोळ्यावर आणि देखभालीवर चालतो. यासाठी अट मूळ विक्रीपुरती न ठेवता या पुढच्या प्रत्येक पुरवठ्याला लावावी, आणि स्थगितीमुळे भरपाईचा दावा उभा राहणार नाही असे कलम विक्रीकरारात घालावे.

स्थगिती उठवण्याची कसोटीही त्याच वेळी लिहून ठेवावी. ब्रिटनने जुलै 2020 मध्ये सौदी अरेबियासाठीचे परवाने पुन्हा सुरू करताना संभाव्य भंगाच्या घटना तुरळक असल्याचे कारण दिले. किती आणि कशा घटनांना तुरळक म्हणायचे, हे सरकारनेच सरकारसाठी ठरवले होते. कसोटीत दोषींवरील कारवाई, तपासनिसांना प्रवेश आणि निर्णयाची कारणे जाहीर करण्याची मुदत यांचा समावेश असावा, आणि ती पूर्ण झाली की नाही हे परवाने देणाऱ्या खात्याबाहेरच्या यंत्रणेने ठरवावे.