इंटिरियर शिकताय? आधी घरात बसून बघा

कोर्स संपवून आलेली मुलं पहिल्याच मीटिंगला क्लायंटला विचारतात, "स्टाइल कुठली आवडते तुम्हाला?" समोरचा माणूस फोनमधले फोटो दाखवतो आणि पुढचं सगळं काम त्या फोटोंच्या मागे धावण्यात जातं. मी हा प्रश्न केव्हाच सोडून दिला. मी विचारते, सकाळी घरात पहिलं कोण उठतं, तेव्हा कुठला दिवा लागतो आणि त्याने कोणाची झोपमोड होते? अर्ध्या बेडरूमचं डिझाइन त्या उत्तरात असतं.

ऐकून मात्र थांबायचं नाही, बघायचंही. "आम्ही सगळे डायनिंग टेबलवरच जेवतो" असं सांगणाऱ्या घरात टेबलावर इस्त्रीचे कपडे आणि लॅपटॉप असतात, आणि जेवणं टीव्हीसमोर होतात. कोणी खोटं बोलत नसतं. आपण कसे राहतो हे आपल्यालाच नीट माहीत नसतं. म्हणून परवानगी घेऊन डब्यांच्या घाईच्या वेळी जा, कोपऱ्यात बसा, सोबत घराचा प्लॅन ठेवा. कोण कुठून कुठे गेलं त्याच्या रेघा प्लॅनवर मारा, माणसागणिक वेगळा रंग. फ्रिजपाशी रेघांचा गुंता झाला की ट्रॉली कुठे नको ते कळतं. फोटो काढण्याआधी पुन्हा विचारा. घरात कामाला येणाऱ्या मावशींशी बोलायला विसरू नका. भांडी कुठे निथळतात आणि माळ्यावरचं सामान उतरवताना काय हाल होतात, ते त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

ओट्याच्या उंचीवर जरा थांबते, कारण एवढी साधी गोष्ट सर्रास चुकते. परदेशी कॅटलॉगमधला ओटा ३६ इंचांचा, म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटर. उभ्याने हलकं काम करताना कामाची पातळी कोपराच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली असावी, असं एर्गोनॉमिक्स, म्हणजे शरीराला सोयीचं काम कसं मांडावं याचं शास्त्र, सांगतं. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर साधारण ९६ सेंटिमीटरवर येतं. म्हणजे तिला ३२ ते ३४ इंच पुरेत. पण आपली शेगडी ओट्यावर ठेवलेली, तिच्यावर पातेलं. त्याचा काठ आणखी वर जातो आणि पुरण घाटताना खांदे भरून येतात. पोळ्या लाटायला, भाकरी थापायला तर वरून जोर लागतो, त्यासाठी ओटा अजून खाली हवा. सासू पाच फूट आणि सून पाच फूट सात इंच असेल तर? मी ओट्याचा एक तुकडा खाली घेते. मिस्त्री कुरकुरतो, ग्रॅनाइटला जोड येतो, दिसायला सलग राहत नाही. चालतं.

मापांसाठी आपल्याकडचं पुस्तक हाताशी ठेवा: देबकुमार चक्रवर्ती यांचं, एनआयडीने (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन, अहमदाबाद) १९९७ मध्ये काढलेलं भारतीय शरीरमापांचं संकलन. आणि सरासरी माणसासाठी काही बनवू नका. वरची फळी घरातल्या सर्वांत बुटक्याच्या हाताला यावी, दाराची चौकट सर्वांत उंच माणसाच्या डोक्याला लागू नये.

आता संशोधन. ते वाचायचं कसं, हे फार कमी ठिकाणी शिकवतात. संशोधक रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास सगळे तोंडावर फेकतात: खिडकीतून झाडं दिसली की पेशंट लवकर बरा होतो, म्हणून रिसेप्शनला ग्रीन वॉल, म्हणजे पानांनी भरलेली भिंत, घ्या! मूळ लेख काढून बघा. पेनसिल्व्हेनियातलं एक हॉस्पिटल, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या २३ जोड्या. काहींच्या खिडकीबाहेर झाडं, काहींच्या विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत, जोरदार वेदनाशामकंही झाडंवाल्यांना कमी लागली. नोंदी फक्त मे ते ऑक्टोबरमधल्या घेतल्या, कारण तेव्हाच तिथे झाडांना पानं असतात. अभ्यास नेटका आहे. पण तो खाटेवरून दिसणाऱ्या खिडकीबद्दल बोलतो, रिसेप्शनमधल्या प्लास्टिकच्या पानांबद्दल नाही.

मला जास्त भावतो तो मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर यांचा १९५० च्या दशकातला प्रयोग. कॅनडातल्या सस्काचेवान प्रांतातल्या हॉस्पिटलात म्हाताऱ्या बायकांचा वॉर्ड नुकताच नवा केला होता. खुर्च्या नव्या, पण भिंतीला लावून ओळीत. बायका गप्प बसून असायच्या. खुर्च्या छोट्या चौकोनी टेबलांभोवती मांडल्यावर काही आठवड्यांत गप्पा जवळपास दुप्पट झाल्या. सुरुवातीला मात्र विरोध झाला, खुद्द बायकांचाही. आपल्या क्लिनिकांमधल्या स्टीलच्या जोडखुर्च्या बघितल्या की मला हे आठवतं. तिथे पेशंटसोबत आलेली मुलगी आईशी मान वाकडी करून बोलते. दोन खुर्च्या काटकोनात फिरवायला पैसे लागत नाहीत. झाडूवाल्याला त्रास होतो एवढंच. तोही खरा मुद्दा आहे, त्यालाही विचारा.

पैशांचं सांगते. "रिसर्च फी" असं लिहिलंत तर घरगुती क्लायंट ती ओळ खोडणार. ते काम मी डिझाइन फीमध्येच धरते आणि कोटेशनमध्ये "घराची पाहणी व वापराचा नकाशा" असं लिहिते. हॉस्पिटल, शाळा, मोठी ऑफिसं यांची कामं करणाऱ्या फर्ममध्ये मात्र याची कदर होते. तिथे नोकरीला जाताना पोर्टफोलिओत दहा रेंडर (कॉम्प्युटरवर बनवलेली खोलीची चित्रं) ठेवण्यापेक्षा एक रेघांचा प्लॅन ठेवा, त्यावरून काय बदललं ते लिहा, आणि लोक राहायला लागल्यावर काय झालं तेही.

हे शेवटचं बहुतेकजण करत नाहीत. ताबा दिला, फोटोशूट झालं, विषय संपला. सहा महिन्यांनी परत जा. कुठल्या ड्रॉवरला हँडलऐवजी दोरी बांधलीय, कुठला स्विच टेप लावून बंद केलाय, कुठे प्लास्टिकचं स्टूल कायमचं येऊन बसलंय, ते टिपून घ्या. क्लायंट चहा देतो आणि सगळं "छान आहे" म्हणतो. चहा घ्या, पण स्टूल तिथे का आलं ते विचारल्याशिवाय उठू नका.