गाऊन घातला, पण हूडचं काय? पदवीदानाच्या दिवशी या चुका टाळा

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी शिकवते. पदवीदानाच्या सकाळी गाऊन वाटायच्या टेबलावर दरवर्षी मीच असते. समितीत माझं नाव कोण घालतं, ते अजून सापडलेलं नाही. टेबलावर रजिस्टर असतं, गाऊनचा ढीग असतो आणि माझ्या पर्समधली सेफ्टी पिनांची डबी असते. ढीग संपायच्या आधी डबी संपते, कारण पोरं गाऊनचा विचार करून येतात, गाऊनच्या आत काय घालायचं याचा नाही.

सगळ्यात मोठा घोळ हूडचा. हातात दिलं की पोरं ते उलटंसुलटं करून बघतात, मग कुणी स्कार्फसारखं गुंडाळतं, तर कुणी रुंद बाजू छातीवर घेऊन लाळेरं बांधल्यासारखं उभं राहतं. हे काय आहे ते एकदा कळलं की चूक होत नाही. जुन्या काळी युरोपातल्या विद्यापीठांच्या थंडगार दगडी इमारतींत गुरू-विद्यार्थी अंगावर लांब झगा आणि डोक्यावर खोळ घ्यायचे. त्या खोळीचं उरलेलं रूप म्हणजे हे हूड. गगनबावड्याकडं पावसात घोंगड्याची खोळ घेतात ना? ती डोक्यावरून मागं सारल्यावर पाठीवर कशी लोंबते, तसंच हे. म्हणजे अरुंद पट्टी पुढं गळ्याखाली आणि रुंद, पिशवीसारखा भाग पाठीवर. पाठीवरचा काठ बाहेर उलटवायचा, म्हणजे आतलं रंगीत अस्तर दिसतं. तो रंग बहुधा शाखेचा किंवा विद्यापीठाचा असतो, त्यामुळं तोच आत दडला तर हूड घालून उपयोग काय? हे काम एकट्यानं होत नाही. मागं मैत्रीण उभी करा.

दुसरी तक्रार ठरलेली. “मॅडम, गळ्याला फास बसतोय हो!” बसणारच. हूडचं सगळं वजन पाठीवर, त्यामुळं पुढची पट्टी मागं ओढली जाते आणि थेट गळ्यावर चढते. त्यासाठीच पट्टीच्या आतल्या बाजूला मध्यावर दोऱ्याची बारीक कडी असते. ती शर्टाच्या वरून दुसऱ्या बटणात अडकवायची, टाय असेल तर टायच्या मागून. म्हणून पुढं बटणं असलेला शर्ट घालून या. गोल गळ्याचा टी-शर्ट घालून आलात तर कडी अडकवणार कशात?

साडीला बटण नसतं, तिथं पिन लागते. गेल्या खेपेला एक मुलगी आईची पैठणी नेसून आली होती. मी पिन उघडली तशी पदर घट्ट धरून म्हणाली, “मॅडम, आईची आहे. भोक नका पाडू.” तिचं बरोबर होतं. रेशमावर हूडचा ताण आला की पिनेच्या भोकाची चीर होते आणि जर निघते. मग गाऊनचे दोन्ही खांदे आतून ब्लाऊजला टाचले, हूड खांद्यांवर गाऊनला टाचलं आणि पुढची कडी पदराच्या खालून ब्लाऊजला लावली. पदराला पिन लागली नाही आणि स्टेजवर जाऊन येईपर्यंत हूड जागचं हललं नाही. साडी नेसणार असाल तर पदराच्या बारीक निऱ्या घालून त्या घरीच टाचून या. मोकळा पदर गाऊनच्या बाहीत अडकतो.

आता बाह्या. पदवीच्या गाऊनच्या बाह्या साधारणपणे घंटेसारख्या मोकळ्या असतात, त्यात काही चुकत नाही. पदव्युत्तरच्या जुन्या पद्धतीच्या गाऊनची बाही मात्र खाली बंद असते आणि कोपराजवळ किंवा त्याच्या वर फट असते. हात त्या फटीतून बाहेर काढायचा, खालची बाही नुसती लोंबू द्यायची. हे माहीत नसलेला एक पोरगा बंद टोकापर्यंत हात घालून “मॅडम, शिवून टाकलंय की हे!” म्हणत उभा होता. गाऊनच्या चुण्या पाठीकडं असतात, हेही घालायच्या आधी बघून घ्या. लांबी पोटरीपर्यंत पुरते. घोट्याखाली जात असेल तर बदलून मागा, पायऱ्या चढताना तोच पायात येतो.

टोपी कपाळावर टेकलेली आणि वरून सपाट हवी, एक कोपरा बरोबर नाकाच्या रेषेत. मागं ढकलली की फोटोत चेहऱ्यामागं पाट धरल्यासारखं दिसतं. उंच अंबाडा आणि गजरा असेल तर टोपी बसतच नाही, त्या दिवशी केस मानेवर बांधा. गोंडा पदवी घेण्याआधी उजवीकडं आणि नंतर डावीकडं, ही अमेरिकेची रीत. तुमच्याकडं तसं सांगितलं नसेल तर त्यावर डोकं शिणवू नका. टोपी हवेत उडवू मात्र नका. आत पुठ्ठा असतो, कोपरा कुणाच्याही डोळ्यात जाऊ शकतो.

चपलांबद्दल आपल्या गावात बोलावंच लागतं. गाऊनखाली कोल्हापुरी छान दिसते, मलाही आवडते. पण आदल्या दिवशी घेतलेली कोरी जोडी घालू नका. ती चावते, करकर वाजते आणि चामड्याचा गुळगुळीत तळ स्टेजच्या फरशीवर सटकतो. पंधरा दिवस घरात वापरा, मग घाला.

चुरगळलेल्या गाऊनवर गरम इस्त्री फिरवू नका. भाड्याचे गाऊन बहुतेक पॉलिस्टरचे, इस्त्रीला चिकटतात. वर सुती कापड टाकून मंद इस्त्री करा.

आणि हे सगळं करायच्या आधी सूचनापत्रक वाचा, कारण पोशाख बदलत चाललाय. २०१० साली भोपाळच्या समारंभात तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्टेजवरच गाऊन उतरवून ठेवला होता. २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं हातमागाचं कापड वापरायला सांगितलं. २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं आपल्या संस्थांना काळा झगा सोडून भारतीय पोशाख ठरवायला कळवलं. काही ठिकाणी आता नुसतं उपरणं असतं. गाऊन भाड्यानं आणला आणि तिथं उपरणं निघालं, तर पैसे गेलेच.

विद्यापीठासमोर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी फोटो काढायला जाणार असाल तर टोपी हातात धरा, तिथं वारं असतं. परत देताना सगळ्या पिना काढा. मागच्या वेळी गाऊनच्या घड्या घालताना माझ्या अंगठ्यात तीन पिना घुसल्या, आणि तिन्ही माझ्याच डबीतल्या होत्या.