‘कंटेंट सेम आहे’ एवढ्यावर थांबू नका : जेनेरिक गोळ्या घेताना या चुका टाळा

“काका, ती कंपनी संपलीय, ही घ्या. कंटेंट सेम आहे.” मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य दिवसभर चालू असतं. काका स्ट्रिप उलटीपालटी करतात, किंमत बघतात, फार तर एक्स्पायरी बघतात आणि पिशवीत टाकतात. जी ओळ वाचायला हवी ती राहते. मग महिनाभराने “जेनेरिकने बीपी उतरतच नाही” अशी तक्रार सुरू होते. माझं मत सांगतो: अशा तक्रारींत दर वेळी औषध हलकं असतं असं नाही. बऱ्याचदा जुन्या गोळीच्या जागी आलेली नवी गोळी मुळात तीच नसते.

ब्रँडेड म्हणजे अस्सल, हा समज

आधी हा गोंधळ निस्तरू. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणं बंद केलं होतं, ते २००५ मध्ये पुन्हा सुरू झालं. दरम्यान एकच औषध डझनावारी कंपन्या आपापल्या नावाने बनवू लागल्या. त्यामुळे बीपी, शुगर, अ‍ॅसिडिटीच्या ज्या नामांकित गोळ्या आपण ‘ओरिजिनल’ म्हणून मागतो, त्यातल्या बहुतेक जेनेरिकच आहेत, म्हणजे मूळ शोधकर्त्या कंपनीखेरीज दुसऱ्यांनी बनवलेलं तेच औषध, फक्त ब्रँडचं नाव ठेवलेलं. जनऔषधी केंद्रातली गोळी बिननावाची, एवढाच तिथे फरक. दर्जा चांगला-वाईट असू शकतो, पण तो कंपनीगणिक आणि बॅचगणिक. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला दर्जात नापास झालेल्या बॅचची यादी जाहीर करते, त्यात ब्रँडची नावंही असतात.

नावाच्या शेपटीकडे दुर्लक्ष

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबून बघू. टेल्मिसार्टन ही बीपीची नेहमीची गोळी. ‘टेल्मा ४०’ म्हणजे नुसतं टेल्मिसार्टन. ‘टेल्मा-एच’ म्हणजे त्यात लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड. ‘टेल्मा-एएम’ म्हणजे सोबत अ‍ॅम्लोडिपिन. घरी नाव लक्षात राहतं ‘टेल्मा’, केंद्रावर जाऊन आपण मागतो ‘टेल्मिसार्टन ४०’ आणि एक औषध गळून जातं. बीपी वाढतं, बोल जेनेरिकला. पॅन्टोप्राझोल आणि ‘पॅन-डी’चं तसंच, ‘डी’ म्हणजे डॉमपेरिडोन.

याहून फसवी जागा म्हणजे औषधाच्या नावाचा दुसरा शब्द. मेटोप्रोलॉल सक्सिनेट सावकाश सुटणाऱ्या गोळीत येतं, दिवसातून एकदा. मेटोप्रोलॉल टार्ट्रेटची साधी गोळी सहसा दोनदा घ्यावी लागते. ‘मेटोप्रोलॉल ५०’ एवढंच म्हणून बदली केली तर दिवसाचं गणितच बिघडतं. एस-अ‍ॅम्लोडिपिन २.५ हे साध्या अ‍ॅम्लोडिपिन ५ च्या तोडीचं धरलं जातं. ‘एस’ निसटला आणि आकडा तसाच ठेवला की डोस निम्मा. लिव्होसेटिरिझिन ५ आणि सेटिरिझिन १० ची जोडीही अशीच.

मग बघायचं काय? स्ट्रिपच्या मागे ‘प्रत्येक गोळीत’ या अर्थाची इंग्रजी ओळ असते. त्या ओळीतलं औषधाचं पूर्ण नाव, मिलिग्रॅम आणि आयपी ही अक्षरं (म्हणजे इंडियन फार्माकोपिया, औषधांच्या दर्जाचं अधिकृत पुस्तक) जुन्या स्ट्रिपशी शब्दन् शब्द जुळवा. २०१८ च्या नियमाने एकाच औषधाच्या गोळीवर मूळ नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरात छापायला लागतं, तरी चष्मा लावल्याशिवाय उपयोग नाही. सरळ उपाय म्हणजे जुन्या स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आणि गोळ्या कापताना ही ओळ असलेला तुकडा शेवटपर्यंत ठेवा.

एसआर, एक्सआर, ईआर म्हणजे ‘तेच ते’ नव्हे

ही अक्षरं असलेली गोळी औषध हळूहळू सोडते. मेटफॉर्मिन ५०० आणि मेटफॉर्मिन एसआर ५०० मध्ये औषध तेवढंच, वागणूक वेगळी. एसआर गोळी चावू नये, कुटू नये. काही गोळ्यांचं रिकामं कवच शौचातून बाहेर पडलेलं दिसतं आणि लोक घाबरतात, “गोळी विरघळलीच नाही!” औषध आत गेलेलं असतं.

मात्र हळू सुटण्याचं तंत्र अवघड आहे आणि तिथे खरोखरच फसगत झालेली आहे. अमेरिकेत नैराश्यावरच्या बुप्रोपियॉन एक्सएल ३०० ला पर्यायी जेनेरिक, बुडेप्रियॉन, २००६ मध्ये मंजूर झाली. चाचणी झाली होती १५० मिलिग्रॅमच्या गोळीवर, त्यावरून ३०० ची गोळी गृहीत धरली. रुग्णांच्या तक्रारी येत राहिल्या. शेवटी तिथल्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, स्वतः ३०० वर चाचणी करवली आणि २०१२ मध्ये ती मूळ औषधाशी समतुल्य नसल्याचं जाहीर केलं. तेव्हा रुग्ण म्हणतो “फरक पडला”, तर तो दर वेळी मनाचा खेळ नसतो.

‘जेनेरिकमध्ये औषध २० टक्के कमी असतं’

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं हे वाक्य ८० ते १२५ टक्के या निकषाच्या चुकीच्या वाचनातून आलंय. गोळीत औषध किती भरायचं याची मर्यादा फार्माकोपियात असते, ती सगळ्यांना सारखी. ८० ते १२५ हा पट्टा रक्तात पोहोचणाऱ्या औषधाच्या मूळ औषधाशी तुलनेचा आहे, आणि सरासरी नव्हे तर चुकीची शक्यता धरून निघालेली पूर्ण कक्षा त्यात बसवावी लागते. एफडीएने १९९६ ते २००७ मधल्या २,०७० अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा शोषणातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला.

भारताबाबत एक रास्त शंका आहे. पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांसाठी ही समतुल्यता चाचणी आपल्याकडे २०१७ पासून सक्तीची झाली. त्याआधी परवाना मिळालेल्या कितीतरी गोळ्या तशाच बाजारात आल्या. पण ही शंका बिननावाच्या गोळीइतकीच नावाच्या गोळीलाही लागू आहे, हे कोणी सांगत नाही.

जपून बदलायच्या गोळ्या

थायरॉइडची लिव्होथायरॉक्सिन, रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन, फिटसाठीची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, मूत्रपिंड बदलल्यावरची टॅक्रोलिमस, मानसिक आजारातली लिथियम. यांत थोडा फरकही जाणवतो. स्वस्त घेऊ नका असं नाही, पण दर महिन्याला मिळेल त्या कंपनीची घेऊ नका. एक पक्की करा आणि तीच चालू ठेवा. बदलायचीच झाली तर डॉक्टरांना सांगून: लिव्होथायरॉक्सिन बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), वॉरफरिन बदलल्यावर लवकरच आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी).

जुनी आणि नवी, दोन्ही चालू

मुलगा जनऔषधीतून गोळ्या आणतो, डब्यात जुनी स्ट्रिप शिल्लक असते. रंग वेगळा, नाव वेगळं. आजी दोन्ही घेतात. शुगरच्या ग्लिमेपिराइडबाबत हे जिवावर बेतू शकतं. तापात क्रोसिन, अंगदुखीला डोलो आणि वर सर्दीची गोळी हा तसलाच प्रकार, तिन्हींत पॅरासिटामॉल सापडेल. नवी सुरू केली की जुनी डब्यातून काढा, नुसतं तोंडी सांगून भागत नाही.

छापील किमतीवरून सूट मोजणं

“जेनेरिक आहे, ५० टक्के कमी लावतो.” कशावरून कमी? नामांकित कंपन्याही प्रतिनिधी न फिरवता थेट वितरकांना माल देतात. त्यावर एमआरपी चढी छापलेली असते आणि दुकानदाराची खरेदी कितीतरी स्वस्त. त्यामुळे सूट किती यापेक्षा एक गोळी कितीला पडली ते बघा आणि जनऔषधी सुगम अ‍ॅपवरच्या भावाशी ताडा.

चिठ्ठीवर ब्रँड, हातात दुसरंच

एच, एच१ आणि एक्स यादीतल्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांसाठी चिठ्ठीत लिहिलेल्याऐवजी दुसरं, मग त्यात घटक तेच का असेनात, द्यायला औषध नियमांनी दुकानदाराला मनाई आहे. म्हणून भांडण काउंटरवर करून उपयोग नाही. तपासायला जाल तेव्हाच डॉक्टरांना म्हणा, “मूळ नावही लिहून द्या.” २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने जेनेरिक नाव सक्तीचं केलं आणि त्याच महिन्यात तो नियम स्थगित झाला, तरी मागायला कोणी अडवलेलं नाही.

बदलल्यावर बरं वाटेना, तर

गोळी आपल्या मनाने बंद करू नका, निम्मीही करू नका. आधी दोन्ही स्ट्रिपच्या मागची ओळ जुळवा. मग वेळ आणि खाणं तपासा, थायरॉइडची गोळी चहाबरोबर जातेय का तेही बघा. घटक जुळत असतील आणि त्रास खराच असेल, तर बीपी किंवा शुगरचे आकडे लिहून डॉक्टरांकडे न्या. दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या सरकारी क्रमांकावर करता येते. गोळीच भुगा झालेली, रंग उडालेली वाटली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. तिथे बॅच नंबर लागतो आणि खरेदीचा पुरावाही, म्हणून दहा रुपयांची स्ट्रिप घेतली तरी पक्कं बिल मागा.